संस्थेची माणसं, संस्थेच्या नोंदी आणि ऑनलाइन साधनं

पाणवठा

नमस्कार. सामाजिक संस्थांच्या संपर्कयाद्या, देणगीदारांशी चालणारा पत्रव्यवहार आणि रोजच्या नोंदी मार्गी लावून देण्याचं काम मी करते. संस्था आरोग्यावर काम करणारी असो, शिक्षणावर असो की प्राण्यांसाठी झटणारी असो, सुरुवातीला गाऱ्हाणं बहुतेक एकच असतं. "आमचं फेसबुक पान आहे, इन्स्टाग्राम आहे, व्हॉट्सॅपवर ग्रुप आहेत. लाइक येतात, अंगठे येतात, पण कामाला माणूस मिळत नाही." मी उलटा प्रश्न विचारते. मागच्या वर्षी ज्यांनी देणगी दिली किंवा एखादा दिवस येऊन हातभार लावला, त्या सगळ्यांची नावं एका जागी बघायला मिळतील का? ती मिळत नाहीत. थोडी खजिनदारांच्या पावत्यांमध्ये असतात, थोडी एखाद्या कार्यकर्त्याच्या फोनमध्ये, थोडी जुन्या कार्यक्रमाच्या गूगल फॉर्ममध्ये. आणि तो फॉर्म ज्या स्वयंसेवकाच्या खात्यातून बनवला होता तो केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो.

म्हणून हा धागा काढतेय. नवं ॲप कोणतं घ्यावं ही चर्चा सगळीकडे चालते. आपली माणसं कोण आहेत याची नोंद संस्थेच्या स्वतःच्या ताब्यात कशी राहील, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मते सुरुवात तिथून व्हायला हवी.

समाजमाध्यमांवर आपण भाडेकरू असतो. घर सजवता येतं, पाहुणे बोलावता येतात, पण घरमालकाने कुलूप बदललं की पाहुण्यांचे पत्तेही आतच राहतात. असं घडलेलं आहे. एके काळी कितीतरी छोट्या गटांचा आणि रुग्ण-मदतगटांचा सगळा व्यवहार याहू ग्रुप्स या ईमेल-गटांच्या सेवेवर चालायचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथे नवीन मजकूर टाकणं बंद झालं, पुढे जुने साठे काढून टाकले गेले आणि १५ डिसेंबर २०२० ला सेवा पूर्णच थांबली. गूगलचं समाजमाध्यम गूगल प्लस त्याआधी, २ एप्रिल २०१९ ला सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झालं होतं. ज्यांच्याकडे सदस्यांची यादी वेगळी ठेवलेली होती त्यांना दुसरीकडे गोळा होता आलं.

सेवा बंद पडणं हे तर टोकाचं झालं. धडधाकट चालू असलेल्या पानावरची पोस्टसुद्धा ते पान आवडलेल्या सगळ्यांना दिसत नाही. कुणाला दाखवायची हे कंपनीचं गणित ठरवतं आणि ते गणित आपल्याला न विचारता बदलतं. रक्तदान शिबिराची पोस्ट शिबिर झाल्यावर दिसली तर काय उपयोग? ईमेल किंवा फोनवरचा साधा संदेश दिसायला कमी आकर्षक असेल, पण तो कुणाला जातो हे आपण ठरवतो.

यावर कुणीतरी आइस बकेट चॅलेंजचं उदाहरण देतंच, आणि ते द्यायलाही हवं. २०१४ च्या उन्हाळ्यात डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेण्याच्या त्या लाटेत, एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे सुमारे ११.५ कोटी डॉलर जमा झाले. त्या पैशातून संशोधनाला खरोखर बळ मिळालं. एनईके१ या जनुकाचा या आजाराशी असलेला संबंध २०१६ मध्ये जाहीर झाला, त्या संशोधनाला या निधीची मदत झाली होती. पण ती लाट असोसिएशनने आखलेली नव्हती. ती बाहेर, लोकांमध्ये सुरू झाली. आपलं असं काही "व्हायरल" होईल या आशेवर वर्षाचं नियोजन करता येत नाही. लाट आली तर तिच्यासोबत आलेल्या अनोळखी माणसाचं नाव नोंदलं जाईल आणि त्याला आठवड्याभरात आभाराचं पत्र जाईल, एवढी तयारी मात्र कुठलीही छोटी संस्था ठेवू शकते.

साधनांबद्दल थोडक्यात. काहीशे नावांपर्यंत साधी स्प्रेडशीट पुरते, खरंच पुरते. त्यापुढे सिव्हीसीआरएम आहे. ते संपर्क आणि देणग्यांच्या नोंदी ठेवणारं, २००५ पासून संस्थांसाठीच विकसित होत असलेलं मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) आहे, पण त्याची देखभाल करणारं कुणीतरी हवं. ते नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. सवलतीत किंवा दानरूपात सॉफ्टवेअर मिळवून देणारी टेकसूप ही संस्था १९८७ पासून काम करते आहे, तिची यादी एकदा जरूर चाळा. गूगलच्या ॲड ग्रँट्स योजनेत पात्र संस्थांना दरमहा १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती मोफत मिळतात. मात्र जाहिरातीवर क्लिक करून आलेला माणूस आपल्या संकेतस्थळावर येऊन करणार काय, हे ठरलेलं नसेल तर त्या जाहिरातींचा फायदा नाही.

कुठलंही साधन घेण्याआधी मी एकच चाचणी घेते. आत मोजकी नावं भरायची आणि मग ती पूर्ण माहितीसकट बाहेर काढून बघायची. बाहेर येत नसतील तर ते साधन कितीही देखणं असो, मी त्याची शिफारस करत नाही.

तुमच्या संस्थांमध्ये काय चाललंय, काय टिकलं, काय बंद करावं लागलं, ते लिहा.

टाचणवही

चांगला धागा. भाडेकरूच्या मुद्द्याला +१.

व्हॉट्सॅपबद्दल लिहायचंच होतं. ग्रुपमध्ये आता १,०२४ जण मावतात म्हणून सगळे सगळ्यांना एका ग्रुपमध्ये कोंबतात. पण साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला बाकी प्रत्येकाचा नंबर दिसतो. झाडं लावणाऱ्या गटात याने फार बिघडत नाही. कौटुंबिक हिंसेतून बाहेर पडलेल्या बायकांचा, व्यसनमुक्तीचा किंवा एखाद्या आजाराच्या रुग्णांचा गट असेल तर त्या ग्रुपमध्ये असणं हीच त्या माणसाबद्दलची अतिशय खाजगी माहिती आहे. तिथे एक जरी चुकीचा माणूस आत आला तरी सगळी यादी त्याच्या हातात जाते.

पर्याय आहेत. चॅनेलमध्ये अनुयायांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, पण तिथे माहिती एकाच दिशेने वाहते. ब्रॉडकास्ट यादीत प्रत्येकाला स्वतंत्र संदेश जातो आणि उत्तरही फक्त आपल्याला येतं. तिची मर्यादा २५६ जणांची आहे, आणि ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला असतो त्यांनाच तो संदेश पोचतो. ही अट लोकांना माहीत नसते, मग "आमचे निरोप कुणी वाचतच नाही" असं वाटत राहतं. आमच्याकडे नव्या माणसाचं नाव नोंदतानाच त्याच्यासमोर आमचा नंबर त्याच्या फोनमध्ये साठवून घेतो.

दुसरं, ग्रुपवर सुप्रभात आणि ढकलपत्रं बंद करा. हे सांगायला संकोच वाटतो, पण खऱ्या निरोपाआधी पन्नास फुलं आली की माणूस ग्रुप मूक करून ठेवतो आणि मग आणीबाणीतही त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. नियम पहिल्या दिवशी लिहून टाकला की कुणी दुखावत नाही.

कळसूत्र

ईमेलबद्दल तांत्रिक बाजू मांडतो, कारण अनेक संस्थांची पत्रं थेट स्पॅममध्ये जातात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

पहिली गोष्ट, स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं संस्थेच्या नावाचं ठिकाण, घ्या. संस्थेच्या नावाचा फुकटचा जीमेल पत्ता सुरुवातीला चालतो, पण शेकडो पत्रं पाठवायला तो योग्य नाही. डोमेन घेतल्यावर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशा तीन नोंदी कराव्या लागतात. हे पत्र खरंच या डोमेनच्या परवानगीने निघालं आहे, याची खूण त्यातून पलीकडच्या यंत्रणेला पटते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या संख्येने पत्रं पाठवणाऱ्यांना या नोंदी सक्तीच्या केल्या. जीमेलच्या नियमात दिवसाला ५,००० पत्रं ही सीमा आहे. शिवाय एका क्लिकवर नाव कमी करण्याची सोय द्यावी लागते आणि स्पॅम म्हणून होणाऱ्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. छोट्या संस्थेची संख्या एवढी नसते, तरी या नोंदी करून घ्याच.

नाव कमी करायची सोय ठळक ठेवा असं मी नेहमी सांगतो. विश्वस्तांना ते रुचत नाही, त्यांना वाटतं माणसं तुटतील. पण जायचा रस्ता सापडला नाही की माणूस "स्पॅम"चं बटण दाबतो, आणि त्याची शिक्षा उरलेल्या सगळ्यांच्या पत्रांना होते.

डोमेनवरून आठवलं. स्वतःचं डोमेन घेतलं म्हणजे सगळं आपलं झालं असंही नाही. संस्था सहसा .ऑर्ग घेतात. ते चालवणारी नोंदणी संस्था एका खाजगी गुंतवणूक कंपनीला विकायचा बेत नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झाला होता, सौदा एक अब्ज डॉलरच्या वरचा होता. जगभरातल्या संस्थांनी एकत्र येऊन विरोध केला आणि ३० एप्रिल २०२० ला आयकॅनने, म्हणजे डोमेननावांची जागतिक व्यवस्था बघणाऱ्या संस्थेने, त्या हस्तांतराला संमती नाकारली. संस्था एकमेकींशी जोडलेल्या असल्या तर काय करू शकतात, याचं हे मला सगळ्यात आवडणारं उदाहरण आहे.

हिशेबनीस

मी एका संस्थेचा खजिनदार आहे, त्यामुळे पैशांच्या बाजूने लिहितो.

ऑनलाइन देणगीमुळे रक्कम येणे सोपे झाले, पण रक्कम कोणाकडून आली हे कळणे अवघड झाले आहे. २०१० च्या हैती भूकंपानंतर अमेरिकन रेड क्रॉसने एसएमएसद्वारे १० डॉलर देण्याचे आवाहन केले होते. त्यातून ३.२ कोटी डॉलरहून अधिक निधी जमला. आपत्तीच्या वेळी याइतका जलद मार्ग दुसरा नव्हता. परंतु अशा पद्धतीत देणगी फोनच्या बिलातून वळती होते. पैसे पोचतात, देणाऱ्याची पूर्ण ओळख पोचत नाही. आजही कोणी नुसता क्यूआर कोड वापरून रक्कम पाठवली की खात्याच्या उताऱ्यावर एक तुटके नाव आणि एक क्रमांक एवढेच दिसते. आता पावती कोणाच्या नावे करायची आणि आभार कोणाचे मानायचे?

आम्ही क्यूआर कोडच्या शेजारी एक छोटा फॉर्म ठेवला आहे. नाव, ईमेल किंवा फोन, आणि "आम्ही तुम्हाला कळवत राहावे का?" हा प्रश्न. एवढेच. जन्मतारीख, व्यवसाय, पत्ता असे काही विचारत नाही. कायद्याने पावतीसाठी जे लागते ते अर्थातच घ्यावे लागते, पण त्याखेरीज एकही रकाना वाढवू नये असे माझे ठाम मत आहे. लांब फॉर्म पाहून देणारा हात मागे घेतो.

दुसरा मुद्दा दरमहा देणाऱ्यांचा. एकदाच मोठी रक्कम देणाऱ्याचे कौतुक सगळे करतात. दरमहा थोडे देणारे गप्प असतात, म्हणून दुर्लक्षित राहतात. पगार, भाडे, औषधे यांचे नियोजन करता येते ते त्यांच्यामुळे. त्यांचे कार्ड बदलले किंवा बँकेची परवानगी संपली की देणगी आपोआप थांबते आणि अनेकदा त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसते. दर महिन्याला ही यादी तपासून सौम्य शब्दांत फोन करणे हे काम कोणतेही सॉफ्टवेअर माणसाइतके चांगले करत नाही.

अबोली

हिशेबनीस, फॉर्मच्या मुद्द्याला मनापासून अनुमोदन. मी पाहणीचं काम करते, तिथे याच गोष्टीवर आमचे वाद होतात.

आधी चांगलं सांगते. कागदावरच्या पाहणीत महिनोन्‌महिने जायचे. आता फोनवरून पाहणी करायची साधनं आहेत, कोबोटूलबॉक्स आहे, ओडीके आहे. ओडीके २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालं आणि कोबो त्याच्याच पायावर उभं आहे. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर. नेटवर्क नसताना फोनवर माहिती भरायची आणि नेटवर्क आल्यावर पाठवायची, ही सोय ज्याने दुर्गम भागात काम केलंय त्यालाच तिचं मोल कळेल. प्रश्नावली स्प्रेडशीटमध्ये लिहिता येते, त्यामुळे प्रोग्रॅमरची वाट बघावी लागत नाही. वय १५० भरलं तर ॲप तिथेच अडवतं.

आता दुसरी बाजू. प्रश्न वाढवणं इतकं सोपं झालंय की निधी देणारे म्हणतात "हेही विचारून घ्या", संशोधक म्हणतात "तेही घ्या", आणि समोरची बाई तासभर उत्तरं देत बसते. त्यातल्या कितीतरी उत्तरांकडे नंतर कुणी बघत नाही. मी प्रत्येक प्रश्नापुढे लिहायला लावते: हे उत्तर कळल्यावर आपण काय वेगळं करणार? उत्तर नसेल तर प्रश्न काढायचा.

आणि माहिती साठली की तिची जबाबदारी आली. जानेवारी २०२२ मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने जाहीर केलं की त्यांच्यावर सायबर हल्ला झाला आहे. ५,१५,००० हून अधिक माणसांची माहिती त्यात उघडी पडली. ही माणसं कोण होती? युद्ध, आपत्ती आणि स्थलांतरात घरच्यांपासून ताटातूट झालेली माणसं, बेपत्ता आणि त्यांना शोधणारी कुटुंबं. वेळेत न बसवलेल्या एका सुरक्षा-दुरुस्तीतून हल्लेखोर आत शिरले होते. एवढ्या अनुभवी, साधनसंपन्न संस्थेच्या बाबतीत हे होतं, तर आपण लाभार्थ्यांच्या याद्या ईमेलला जोडून इकडून तिकडे पाठवतो तेव्हा काय करत असतो याचा विचार करा. २०२० मध्ये संस्थांच्या देणगीदारांच्या नोंदी सांभाळणाऱ्या ब्लॅकबॉड या कंपनीवर खंडणी-हल्ला झाला, तेव्हा तिच्या सेवा वापरणाऱ्या हजारो संस्थांच्या देणगीदारांची माहिती धोक्यात आली. त्या संस्थांनी स्वतः काही चूक केली नव्हती, तरी देणगीदारांना पत्रं त्यांनाच लिहावी लागली.

मी घेतच नाही अशी माहिती कुणी चोरू शकत नाही. कमी गोळा करणं ही माझ्या मते पहिली सुरक्षा आहे.

फोटोंबद्दलही. फोनने काढलेल्या फोटोच्या आत बरेचदा जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. मुलाचा चेहरा झाकला आणि फाइल तशीच दिली तर घर कुठे आहे हे सांगितल्यासारखंच झालं. आणि संमती म्हणजे "फोटो काढू का?" एवढंच नसतं. हा फोटो इंटरनेटवर जाईल, अनोळखी माणसं बघतील, नंतर काढून टाका म्हणालात तर आम्ही आमच्याकडून काढू पण दुसऱ्यांनी उतरवून घेतलेला परत आणता येणार नाही, हे सगळं समजेल अशा भाषेत सांगायला हवं. नाही म्हटल्याने मदत थांबणार नाही, हेही सांगायला हवं. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच बहुतेक वेळा राहून जातं.

शेवटचा बाक

सगळं वाचलं. पटतंयही. पण थोडा विरोधी सूर लावतो.

आमची संस्था म्हणजे तीन पूर्णवेळ माणसं. त्यातली एक मुलगी आता आठवड्यातले दोन दिवस फक्त फॉर्म भरते, फोटो चढवते, डॅशबोर्डचे आकडे जुळवते. हे काम लाभार्थ्यांसाठी चाललेलं नाही, निधी देणाऱ्यांसाठी चाललंय. प्रत्येक देणाऱ्याचं पोर्टल वेगळं, प्रत्येकाचा साचा वेगळा. तंत्रज्ञानाने वेळ वाचतो असं सांगितलं जातं, पण वाचलेला वेळ जातो कुणाच्या खात्यात? आमच्या तर नाही. ज्या मुलांना शिकवायला ही मुलगी आमच्याकडे आली होती, ती मुलं तिची वाट बघत बसतात.

पाणवठा

शेवटचा बाक, हा विरोधी सूर नाहीच. तुम्ही लिहिलंय ते या धाग्यात यायलाच हवं होतं, आणि याची जबाबदारी निधी देणाऱ्यांवर आहे असं मी उघडपणे म्हणेन. दहा देणगीदार दहा साच्यांत तीच माहिती मागतात तेव्हा ते आपल्याच देणगीतला मोठा हिस्सा कागदी कामात घालवत असतात.

संस्थेच्या बाजूने दोन गोष्टी करता येतात. एक, आपली मूळ नोंद एकच ठेवायची आणि अहवाल त्यातून काढायचे. पोर्टलसाठी वेगळी माहिती गोळा करायची नाही. दुसरी थोडी धीराची आहे. निधीच्या प्रस्तावातच अहवालाच्या कामाचा खर्च आणि वेळ लिहायचा: "या साच्यात अहवाल हवा असेल तर अमुक दिवसांचं मनुष्यबळ लागेल." काही देणगीदार ते मान्य करतात. काही म्हणतात की मग तुमचाच वार्षिक अहवाल चालेल. दोन्हींत आपला फायदा आहे. नकाराची भीती वाटते हे मला माहीत आहे, आणि एकट्या छोट्या संस्थेला हे जड जातं. चार संस्थांनी मिळून एकाच देणगीदाराला लिहिलं तर त्याचं वजन पडतं.

टाचणवही

चार संस्थांनी मिळून, हे वाचून लिहावंसं वाटलं. नेटवर्किंग म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे अनुयायी वाढवणं येतं. संस्थांनी एकमेकींशी जोडून घेणं यावर कमी बोललं जातं, आणि माझ्या मते तंत्रज्ञानाचा सगळ्यात सुंदर उपयोग तिथेच झालाय.

ओपनस्ट्रीटमॅप हा कुणीही भर घालू शकेल असा जगाचा मुक्त नकाशा २००४ मध्ये सुरू झाला. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा तपशीलवार नकाशाच हाताशी नव्हता. जगभरातल्या शेकडो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रं बघून घरबसल्या रस्ते आणि इमारती रेखाटल्या, आणि काही दिवसांत मदतपथकं तो नकाशा वापरू लागली. त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था रीतसर उभी राहिली. २०१४ मध्ये तिने अमेरिकन आणि ब्रिटिश रेड क्रॉस तसंच डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांच्यासह मिसिंग मॅप्स हा उपक्रम सुरू केला. आपत्ती येण्याआधीच नकाशे तयार ठेवायचे, हा त्यामागचा विचार. कुणीही दिवसातला अर्धा तास देऊन यात सामील होऊ शकतं, पैसे लागत नाहीत, फक्त शिकायची तयारी लागते.

केनियात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला, तेव्हा कुठे काय घडतंय हे लोकांनी एसएमएसने आणि वेबवर कळवावं म्हणून २००८ मध्ये उशाहिदी हे संकेतस्थळ तयार झालं. नंतर तेच मुक्त सॉफ्टवेअर म्हणून जगभर वापरलं गेलं. एका ठिकाणच्या गरजेतून बनवलेली गोष्ट कुलूपबंद न ठेवल्यामुळे हैतीतही उपयोगी पडली.

आपल्या पातळीवर एवढं मोठं काही नको. एकाच भागात काम करणाऱ्या संस्थांनी कोण कोणती सेवा देतं, कुठल्या वारी, कुणाशी बोलायचं, याची एक सामायिक यादी ठेवली आणि ती अद्ययावत ठेवायची जबाबदारी पाळीपाळीने घेतली तरी मदत शोधणाऱ्या माणसाच्या कितीतरी खेपा वाचतात. लाभार्थ्यांची नावं त्यात टाकायची नाहीत, फक्त सेवांची माहिती. यात अडचण तंत्राची येत नाही, ती एकमेकांवरच्या अविश्वासाची येते. "आमचे देणगीदार पळवतील" ही भीती.

ओंजळ

वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. आमची संस्था अगदी लहान आहे. एक व्यावहारिक प्रश्न विचारते. आमचं फेसबुक पान आणि संकेतस्थळ एका स्वयंसेवकाने बनवलं. तो भला माणूस आहे, भांडण काहीच नाही, पण आता नोकरीत गुंतलाय आणि फोन उचलत नाही. पासवर्ड त्याच्याकडेच. यातून कसं सुटायचं, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं?

कळसूत्र

ओंजळ, हे फार ठिकाणी होतं.

आत्तासाठी: त्याला सविस्तर संदेश लिहा, एका वेळी एकच विनंती करा. आधी फेसबुक पानावर तुमच्यापैकी दोघांना पूर्ण नियंत्रण द्यायला सांगा, ते फोनवरून पाच मिनिटांत होतं. मग डोमेन कुणाच्या नावे नोंदलंय ते विचारा. डोमेन हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ईमेल आणि संकेतस्थळ दोन्ही त्यावर टांगलेलं असतं, आणि मुदत संपून ते दुसऱ्याने घेतलं तर परत मिळवणं महाकठीण. नूतनीकरणाची तारीख कार्यकारिणीच्या वहीत लिहून ठेवा.

पुढच्यासाठी: खाती व्यक्तीच्या ईमेलवर उघडू नका. पदाच्या पत्त्यावर उघडा, म्हणजे सचिव, हिशेब, संपर्क असे पत्ते. माणूस बदलला तरी पत्ता तोच राहतो. पासवर्ड बिटवॉर्डन किंवा कीपास अशा पासवर्ड-व्यवस्थापकात ठेवा, दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारी) लावा आणि तिचे राखीव कोड छापून संस्थेच्या कपाटात ठेवा. प्रत्येक खात्यावर किमान दोन ॲडमिन. कुणी संस्था सोडली की त्याच आठवड्यात त्याचा प्रवेश काढा. यात अविश्वास नाही. उद्या काही गडबड झाली तर त्याच्यावर संशय येऊ नये, म्हणून ते त्याच्याही भल्याचं आहे.

बॅकअपचा जुना नियम पाळा: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. आणि बॅकअप उघडून बघा. न उघडून बघितलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

शेवटचा बाक

पाणवठा, उत्तराबद्दल आभार. प्रस्तावात अहवालाचा खर्च लिहायची कल्पना बैठकीत मांडतो.

आता एआयचं विचारू का? आमच्या एका विश्वस्तांचा आग्रह आहे की पालकांच्या प्रश्नांना चॅटबॉटने उत्तरं द्यावीत, म्हणजे माणसाचा वेळ वाचेल.

अबोली

शेवटचा बाक, तुमच्या विश्वस्तांना हे दाखवा. अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणारी नीडा नावाची मोठी संस्था आहे. २०२३ मध्ये त्यांनी आपली मदतवाहिनी बंद करायचं ठरवलं आणि टेसा नावाचा चॅटबॉट पुढे केला. तो आजारी माणसांना वजन कमी करायचे, कॅलरी मोजायचे सल्ले देतोय असं लोकांनी उघडकीला आणलं. अशा रुग्णांना नेमकं जे सांगू नये तेच. संस्थेने तो तातडीने बंद केला. दुसरं उदाहरण क्रायसिस टेक्स्ट लाइन या मोबाइल-संदेशांवरून मदत देणाऱ्या अमेरिकी सेवेचं. संकटात असलेल्या माणसांच्या संभाषणांची माहिती, नावं काढून का होईना, एका नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला दिली जात होती. जानेवारी २०२२ मध्ये ते बातम्यांत आलं आणि काही दिवसांतच त्यांना ते थांबवावं लागलं. रात्री दोन वाजता मदत मागणाऱ्या माणसाने "अटी मान्य" वर बोट ठेवलं, याला मी संमती मानत नाही.

एआय वापरू नका असं मी म्हणत नाही. इंग्रजी परिपत्रकाचा कच्चा मराठी मसुदा, बैठकीच्या लांबलचक टिपणांचा गोषवारा, पत्राची सुरुवात, यात वेळ वाचतो आणि नंतर माणूस तपासतो. लाभार्थ्यांची नावं आणि प्रकरणं त्यात चिकटवायची नाहीत. आणि घाबरलेल्या, दुखावलेल्या माणसासमोर यंत्राला एकटं बसवायचं नाही. मुलाच्या शाळाप्रवेशाची तारीख सांगायला चॅटबॉट चालेल. मूल बोलत नाही म्हणून रडणाऱ्या आईला माणूसच हवा.

ओंजळ

कळसूत्र, खूप आभार. आज संदेश लिहिते त्याला.

पाणवठा, स्प्रेडशीटपासून सुरुवात करायची ठरवतोय. रकाने कोणते ठेवू? आणि एकाच माणसाचं नाव आमच्या वेगवेगळ्या वह्यांमध्ये तीन प्रकारे लिहिलंय, कुठे इंग्रजीत, कुठे मराठीत, कुठे नुसतं "काका". ते कसं जुळवायचं?

पाणवठा

ओंजळ, नावावरून जुळवायला जाऊ नका, फोन नंबरवरून जुळवा. सगळे नंबर एकाच पद्धतीने लिहा: मध्ये जागा नाही, आडव्या रेघा नाहीत, देशाचा क्रमांक सगळीकडे लावा नाहीतर कुठेच लावू नका. मग त्या रकान्याप्रमाणे क्रम लावलात की एकाच माणसाच्या नोंदी आपोआप शेजारी येतील. नाव मात्र त्या माणसाला जसं आवडतं तसं, त्याच्याच लिपीत ठेवा, कारण पत्रावर तेच जाणार आहे.

रकाने: नाव, फोन, ईमेल, आपल्याशी ओळख कशी झाली, काय द्यायची इच्छा आहे (वेळ, पैसा, कौशल्य), कसं कळवलेलं आवडेल, संपर्काला संमती कधी दिली, शेवटचं बोलणं कधी आणि कुणाशी झालं. देणगीचे आकडे वेगळ्या शीटमध्ये ठेवा आणि ती फक्त हिशेब बघणाऱ्यांना उघडी ठेवा. संमतीची तारीख सापडत नसेल तर तो रकाना रिकामा सोडा आणि त्या माणसांना आधी फोन करून विचारा, एकगठ्ठा संदेश पाठवू नका. "काका" नावाच्या नोंदींसाठीही फोनच करावा लागेल. तो संस्थेतल्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्याने करावा, म्हणजे आवाज ओळखीचा वाटेल.